ज्युनिअरशिप सांभाळून बार एक्झामचा अभ्यास: वेळ कसा लावावा

वकिलीची सनद हाती आली की नव्या वकिलापुढे दोन कामे एकाच वेळी उभी राहतात. सिनिअरच्या ऑफिसात आणि कोर्टात राहून काम शिकायचे असते आणि त्याच दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाची ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे आपल्या बोलण्यातली एआयबीई, उत्तीर्ण व्हायची असते. त्यासाठी नावनोंदणीनंतर दोन वर्षांची मुदत मिळते. ही परीक्षा असावी की नसावी, या वादात आता वेळ घालवण्यात अर्थ नाही, कारण १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बोनी फोई लॉ कॉलेजच्या प्रकरणात परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला आहे. माझ्याकडे काम शिकायला येणारे ज्युनिअर जेव्हा वेळापत्रकाबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: रोज किती तास बसायचे हे आधी ठरवू नका, आपला कोर्टाचा दिवस कसा जातो ते आधी पाहा, आणि अभ्यास त्या दिवसाला जोडून लावा.

यामागचे कारण परीक्षेच्या स्वरूपातच आहे. शंभर बहुपर्यायी प्रश्न, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि टिपा किंवा भाष्य नसलेली कायद्यांच्या मूळ मजकुराची पुस्तके, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात. सध्याच्या नियमांनुसार खुल्या आणि इतर मागास प्रवर्गासाठी ४५ टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ४० टक्के गुण लागतात. हे ऐकून पुष्कळ जण निश्चिंत होतात, की पुस्तक समोरच आहे, मग अभ्यास कशाचा करायचा? पण तीन तास म्हणजे १८० मिनिटे, आणि त्यांना शंभराने भागले तर एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटांहूनही कमी वेळ येतो. त्यात प्रश्न वाचायचा, चारही पर्याय पाहायचे आणि उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा. ज्याने ते पुस्तक आधी हाताळलेले नाही, त्याला एवढ्या वेळात कलम सापडत नाही. म्हणून अभ्यासाचा मोठा भाग कलमे पाठ करण्यात न घालवता ती कुठे आहेत हे हाताला सवयीचे करण्यात घालवावा, आणि तो परीक्षेला जी प्रत नेणार त्याच प्रतीवर करावा.

विषय एकूण १९ आहेत आणि त्यांचे गुण समान नाहीत. संविधान, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांना प्रत्येकी १० गुण आहेत. भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष अधिनियम, कौटुंबिक कायदा आणि करार, विशिष्ट दिलासा, मालमत्ता हस्तांतरण व परक्राम्य संलेख (चेक, हुंडी वगैरे) यांचा मिळून एक गट, अशा चौघांना प्रत्येकी आठ. या सात विषयांचे गुण ६२ होतात. उरलेल्या १२ विषयांना ३८ गुण असून कंपनी कायदा, पर्यावरण, सायबर, भूसंपादन आणि बौद्धिक संपदा यांच्या वाट्याला दोन-दोनच येतात. तरीही कित्येक ज्युनिअर अभ्यासाला सुरुवात करतात ती कंपनी कायद्याचा जाड ग्रंथ उघडून, कारण तो विषय कॉलेजात कच्चा राहिलेला असतो. कच्च्या विषयाची भीती समजण्यासारखी आहे, पण दोन गुणांसाठी दोन आठवडे देणे परवडत नाही.

आता प्रत्यक्ष वेळाचा हिशेब. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या ज्युनिअरची संध्याकाळ त्याची स्वतःची नसते. कोर्ट सुटल्यावर पक्षकार येतात, दुसऱ्या दिवशीचे बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, काढायची असते, अर्जाचा मसुदा टाइप करायचा असतो, आणि सिनिअर कधी थांबतील हे सांगता येत नाही. म्हणून रात्री आठ ते अकरा अभ्यास, असे वेळापत्रक कागदावरच राहते. सकाळचा दीड तास मात्र बहुतेकांच्या हाती असतो. आठवड्यातले पाच दिवस सकाळी दीड तास आणि रविवारी साडेतीन तास धरले, तर आठवड्याला ११ तास होतात. दहा आठवड्यांत ११०. त्यांतले साधारण ७० तास सात मोठ्या विषयांना, २५ उरलेल्या बारांना आणि १५ पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्याला द्यावेत. शनिवार मुद्दाम मोकळा ठेवावा, कारण आठवड्यातली एखादी सकाळ रिमांडसाठी किंवा परगावच्या तारखेसाठी जाणारच, आणि ती भरून काढायला जागा नसली की सगळे वेळापत्रक ढासळते.

या सकाळच्या दीड तासात कोणता विषय घ्यायचा, ते आदल्या रात्रीच्या बोर्डवरून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. उद्या दाव्यात मुद्दे काढायचे असतील, तर सकाळी दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर १४ वाचावी. तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईच्या अर्जावर युक्तिवाद असेल, तर ऑर्डर ३९ आणि तिच्या जोडीला विशिष्ट दिलासा अधिनियमातली मनाईची कलमे पाहावीत. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, असेल तर ऑर्डर २१, दावा दुरुस्तीचा अर्ज असेल तर ऑर्डर ६ नियम १७, दावा फेटाळण्याची मागणी असेल तर ऑर्डर ७ नियम ११. दिवाणी प्रक्रिया संहितेत १५८ कलमे आणि ५१ ऑर्डर आहेत. ती पहिल्या पानापासून वाचत गेले तर ऑर्डर ५ च्या समन्सपाशीच कंटाळा येतो. पण दावा, समन्स, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, निकाल, दरखास्त हा दाव्याचा प्रवास डोळ्यांसमोर असला, तर ऑर्डरचा क्रमही जवळजवळ तसाच लागतो आणि लक्षात राहतो. सकाळी वाचलेला नियम दुपारी न्यायाधीशांसमोर कुणीतरी मांडताना ऐकला, की त्याची वेगळी उजळणी करावी लागत नाही. कोर्टात आपला पुकारा होईपर्यंत बसून काढलेला वेळही मग अभ्यासातच धरता येतो.

फौजदारी विषयांना मात्र ही पद्धत जपून लावावी लागते, आणि या भागाला मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि साक्ष कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे लागू झाले, परंतु त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू असल्याने आपल्या न्यायालयांत जुनी कलमे अजून पुष्कळ वर्षे ऐकू येणार आहेत. ज्युनिअर दिवसभर ३०२, ४२०, ४९८-अ ऐकतो, आणि परीक्षेत त्याला खुनासाठी १०३, फसवणुकीसाठी ३१८ आणि पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी ८५ व ८६ ओळखावी लागतात. प्रक्रियेच्या कायद्यात गोंधळ आणखी वाढतो. जुन्या संहितेतले कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेतले कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये गेले आहेत. प्रथम खबर १५४ वरून १७३ वर, पोटगी १२५ वरून १४४ वर, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र साक्ष कायद्याच्या ६५-ब वरून नव्या अधिनियमाच्या ६३ वर आले आहे.

यासाठी एक वही करावी आणि रोज कोर्टात जे जुने कलम कानावर पडेल, त्यासमोर त्याच दिवशी नवे कलम स्वतः शोधून लिहावे. तयार तक्ते बाजारात मिळतात, पण शोधण्याच्या श्रमातूनच नव्या पुस्तकाची पाने हाताला ओळखीची होतात. भारतीय न्याय संहितेत ३५८ कलमे आहेत, नागरिक सुरक्षा संहितेत ५३१ आणि साक्ष अधिनियमात १७०. एवढा पसारा वहीच्या रोजच्या चार-पाच नोंदींनी हळूहळू आटोक्यात येतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतानाही हीच काळजी घ्यावी. २०२४ पूर्वीच्या प्रश्नात दंड संहितेचे कलम विचारले असेल, तर आधी त्याचे नव्या कायद्यातले स्थान शोधावे, शिक्षेत किंवा व्याख्येत बदल झाला आहे का ते पाहावे, आणि मगच उत्तर तपासावे.

वेळ वाटताना आणखी एक भेद करावा लागतो, ज्याकडे फार थोडे जण लक्ष देतात. काही विषयांची उत्तरे बेअर अ‍ॅक्टमध्ये सापडतात आणि काहींची सापडत नाहीत. अपकृत्य कायदा आपल्याकडे संहिताबद्ध नाही, त्यामुळे रायलँड्स विरुद्ध फ्लेचरमधले कठोर दायित्व आणि एम. सी. मेहतांच्या ओलियम वायू प्रकरणातले संपूर्ण दायित्व यांतला फरक आधीच वाचलेला असावा लागतो. मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचा बराचसा भाग, प्रशासकीय कायद्यातील नैसर्गिक न्यायाची तत्त्वे आणि जनहित याचिकांचे चार गुण यांचेही तसेच आहे. हुसैनारा खातून, एस. पी. गुप्ता, विशाखा हे निकाल कोणत्याही अधिनियमाच्या पानावर सापडत नाहीत. संविधानाच्या दहा गुणांतही अनुच्छेद पुस्तकात मिळेल, पण मूलभूत संरचनेचा सिद्धांत केशवानंद भारती निकालातच शोधावा लागेल. म्हणून अशा विषयांना सकाळचा ताजा वेळ आणि स्वतःच्या शब्दांतली टिपणे द्यावीत, आणि भूसंपादन किंवा सायबर कायद्यासारख्या विषयांत फक्त अनुक्रमणिका आणि व्याख्या यांवर नजर फिरवून पुढे जावे. तेवढे पुरते.

व्यावसायिक नीतिमत्तेला चारच गुण असले तरी तो विषय मी पहिल्याच आठवड्यात वाचायला सांगतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधले गैरवर्तनाचे कलम ३५, त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडील अपिलाचे ३७, सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचे ३८, आणि बार कौन्सिलच्या नियमांतली न्यायालय, पक्षकार, प्रतिपक्ष व सहकारी यांच्याविषयीची कर्तव्ये एवढाच मजकूर आहे. दोन सकाळींत तो होतो. शिवाय पक्षकाराचे पैसे, त्याची कागदपत्रे आणि त्याने विश्वासाने सांगितलेली माहिती यांच्याशी आपला संबंध पहिल्या दिवसापासून येतो, आणि हे नियम परीक्षेपुरते नाहीत.

सातव्या आठवड्यापासून रविवारचे तीन तास पूर्ण प्रश्नपत्रिकेला द्यावेत, मध्ये न उठता, तेच बेअर अ‍ॅक्ट समोर घेऊन. पहिल्या फेरीत पुस्तक न उघडता जे येते ते सोडवावे, दुसऱ्या फेरीत पुस्तकात पाहण्यासारखे प्रश्न घ्यावेत, आणि शेवटच्या वीस मिनिटांत एकही गोल रिकामा राहू देऊ नये. दुसऱ्या फेरीत ज्या कलमाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, त्याची नोंद करून सोमवारच्या सकाळी त्याच प्रकरणाची पाने पुन्हा चाळावीत. सोमवारचा विषय त्या एका दिवसापुरता बोर्डने न ठरवता प्रश्नपत्रिकेने ठरवावा.

परीक्षेची तारीख हलते, हेही गृहीत धरावे. एकोणिसावी परीक्षा २४ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर झाली होती, ती आधी १ डिसेंबरला आणि मग २२ डिसेंबरला गेली. तारखेपासून उलटे मोजून आखलेले वेळापत्रक अशा वेळी विस्कटते आणि मिळालेले जादा दिवस नुसते निघून जातात. त्याऐवजी अधिसूचना येण्याची वाट न पाहता दहा आठवडे सुरू करावेत, आणि तारीख पुढे गेलीच तर नवा विषय न उघडता जुन्या-नव्या कलमांची वही आणि रविवारची प्रश्नपत्रिका एवढेच चालू ठेवावे. सिनिअरांना परीक्षेचा महिना आधीच सांगून ठेवावा. शेवटच्या आठवड्यातल्या तारखा दुसऱ्या सहकाऱ्याकडे देता येतात, पण ते आदल्या संध्याकाळी सांगून जमत नाही.