सूत्रांची माहिती

न्यूज चॅनेलच्या आउटपुट डेस्कवर पडद्याखालून सरकणारी पट्टी मी लिहितो. तिच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. ही सोय आहे हे मला फार उशिरा कळलं.

८ मे २०२५, गुरुवार. आमच्याकडे गुरुवार हा टीआरपीचा वार. बातम्यांच्या चॅनेलचा आकडा चार आठवड्यांच्या सरासरीने येतो, म्हणजे एक रात्र गाजली की महिनाभर पुरते. डेस्कवर हे कुणी बोलत नाही, पण त्या संध्याकाळी एरवी आमच्या मजल्यावर न फिरकणारे सेल्सवाले चहाचे कप घेऊन काचेपाशी उभे होते. जाहिरात दहा सेकंदांच्या भावाने विकली जाते. युद्ध त्या भावात बसतं.

जम्मूवर पाकिस्तानचे ड्रोन आले, धर्मशाळेचा आयपीएल सामना अर्ध्यात थांबला. इथपर्यंत सगळं खरं होतं. मग उशिरा रात्री समोरच्या भिंतीवरचे हिंदी चॅनेल एकेक करून पेटले: कराची बंदरावर नौदलाचा हल्ला. आमच्या दिल्लीच्या रिपोर्टरला विचारलं. तो म्हणाला, "कुणीच दुजोरा देत नाहीये, थांबा जरा."

सर म्हणाले, "सगळे चालवतायत, आपण काय भजन लावायचं? सूत्रांची माहिती म्हण आणि सोड."

मी सोडलं. विक्रांत या आपल्या विमानवाहू युद्धनौकेचं नावही घातलं. वर आगीचा व्हिडिओ लूपवर, मागे सायरन. तो व्हिडिओ फिलाडेल्फियातल्या विमान अपघाताचा होता, हे नंतर कळलं. त्या वेळी तपासायला दहा मिनिटं लागली असती. मी ती मागितली नाहीत. डोंबिवलीच्या घराचा हप्ता पाच तारखेला जातो, एवढंच कारण देता येईल.

दीडच्या सुमाराला असाइनमेंटच्या टेबलावरचा लँडलाइन वाजला. जवळ मीच होतो. साताऱ्याकडची बाई.

"दादा, विक्रांतचं खरं का? आमचे हे नौदलात हायत. चार दिस फोन न्हाई. आपल्या जहाजाला काय झालं न्हाई ना?"

"ताई, सूत्रांची माहिती आहे."

"सूत्रं म्हंजी कोण?"

मी सरांकडे पाहिलं. ते पीसीआरच्या, म्हणजे प्रक्षेपण चालवणाऱ्या कंट्रोल रूमच्या दारात उभे राहून अँकरला 'अजून जोरात' अशी खूण करत होते. मी तिला म्हटलं, काळजी करू नका, कळलं की सांगतो. तिने नंबर दिला. मी रनडाउनच्या, म्हणजे बातम्यांच्या क्रमाच्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतला.

१० तारखेला कार्यक्रमांत सायरन वाजवू नका अशी सरकारी सूचना आली. आम्ही सायरन काढला. ११ तारखेला व्हाइस अॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, कराचीसह निवडक लक्ष्यांवर मारा करायला नौदल पूर्ण सज्ज होतं. सज्ज होतं, म्हणजे मारा झालाच नव्हता. मी दोन ओळींचा खुलासा लिहून सरांना दाखवला.

"आपण कुठे म्हटलं?" ते म्हणाले. "सूत्रांनी म्हटलं."

खुलासा गेला नाही. तो नंबर अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्यानंतर आठवडाभर लँडलाइन वाजला की मी शेजारच्या इंटर्नला उचलायला सांगायचो.