नव्या गावात आधी विचारते, इथे काय येतं?

माझी नोकरी बदलीची. दर काही वर्षांनी सामान बांधायचं, नवं घर शोधायचं, मुलीला नव्या शाळेत घालायचं. नव्या ठिकाणी गेल्यावर दवाखाना कुठे, पाणी किती वाजता येतं, ही चौकशी सगळेच करतात. मी त्याआधी शेजारच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारते, "इथे काय येतं?" वादळ, पूर, भूकंप, दरड, की नुसता उन्हाळा? आणि ते आलं की तुम्ही कुठे जाता? या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ठिकाणागणिक इतकी वेगळी मिळाली की माझं एक मत पक्कं झालं आहे. मागच्या गावात जी सवय जीव वाचवते, तीच पुढच्या गावात जीव घेऊ शकते.

पुरात वरच्या मजल्यावर जायचं असतं. अमेरिकेच्या मैदानी भागात टोर्नेडो आला की लोक तळघरात उतरतात, आणि पुराच्या गावात तेच तळघर सापळा ठरतं. भूकंप सुरू असताना पक्क्या इमारतीत पळापळ करायची नसते, पण समुद्रकाठी असाल तर हादरे थांबताक्षणी उंच जागेकडे पळायचं असतं. हे वाचायला सोपं आहे. घाबरलेल्या शरीराला मात्र जे आधी शिकलेलं असतं तेच आठवतं, म्हणून प्रत्येक बदलीनंतर आम्ही घरातले सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते किनारपट्टीने. आमच्या शेजारी आयुष्यभर बोटीवर काम केलेले एक काका राहायचे. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "ताई, वारा थांबला म्हणून दार उघडायचं नाही." चक्रीवादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधला शांत भाग, साधारण ३० ते ६० किलोमीटर रुंद असतो. तो डोक्यावरून जाताना वारा पडतो, कधीकधी आकाशही दिसतं. लोक पत्रे बघायला, गुरं शोधायला बाहेर पडतात. मग डोळ्याभोवतीच्या वादळी कड्याची दुसरी बाजू येते आणि वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने सुरू होतो. पहिल्या माऱ्यात खिळखिळी झालेली घराची भिंत या दुसऱ्या माऱ्यात पडते. काकांनी हे सगळं प्रत्यक्ष पाहिलेलं होतं.

त्यांची दुसरी शिकवण पाण्याबद्दल होती. वारा घर मोडतो, पण किनाऱ्यावर माणसं जास्त मरतात ती आत घुसलेल्या समुद्राने. वादळ पाण्याचा फुगवटा जमिनीवर ढकलत आणतं, आणि त्याच वेळी भरती असेल तर तो आणखी आत शिरतो. म्हणजे घर कितीही पक्कं असलं तरी ते सखल जागी असेल तर सोडायलाच हवं.

माझी खरी अडचण होती सासूबाईंची. "तुम्ही जा, मी घर सांभाळते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुष्कळ घरांत हे वाक्य ऐकू येतं, आणि त्यामागे हट्टापेक्षा वेगळं काहीतरी असतं. १९९१च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात आलेल्या चक्रीवादळात सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. घर आणि मुलं सोडून निघता येईना, निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत राहायचा संकोच, अंगावरच्या साड्या पाण्यात पायांत गुंतणाऱ्या. सासूबाईंशी मी शांतपणे बोलले तेव्हा त्यांचीही अडचण अशीच साधी निघाली. निवाऱ्यात संडास कसे असतील, रात्री उठावं लागलं तर काय, गुडघ्यांनी जिना चढवेल का. मग चांगल्या हवेच्या एका दिवशी, भर उजेडात, मी त्यांना निवारा दाखवायला घेऊन गेले. त्या जिना चढून गेल्या, बायकांची बाजू बघितली, कुठे बसायचं तेही ठरवून आल्या. पुढे इशारा आला तेव्हा त्यांनी स्वतःहून औषधांची पिशवी उचलली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वादळाच्या दिवशी समजावू नका, त्याच्या कितीतरी आधी ती जागा दाखवून आणा. माझ्या सगळ्या अनुभवातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

आम्ही दुपारी, रस्ते कोरडे असतानाच निघालो. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, फोन पूर्ण चार्ज केलेले, सासूबाईंचं इन्सुलिन ओल्या मातीच्या भांड्यात. रात्रभर वाऱ्याचा आवाज ऐकत बसलो. मुलगी माझ्या मांडीवर झोपली, मला झोप आली नाही. सकाळी परतताना काका पुढे चालत होते आणि प्रत्येक तुटलेल्या तारेपासून आम्हाला लांब ठेवत होते. वादळानंतरही माणसं मरतात. पडलेल्या विजेच्या तारांनी, छपरावर चढून घसरल्याने, बंद खोलीत लावलेल्या जनरेटरच्या धुराने. अशी माणसं गेली की मला फार वाईट वाटतं, कारण ती वादळातून वाचलेली असतात.

इशारा मिळाला आणि लोक हलले तर काय होतं, याचा दाखला ओडिशाने दिला आहे. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १०,००० माणसं गेली. मे २०१९मध्ये फनी चक्रीवादळ आलं तेव्हा १० लाखांहून जास्त लोकांना आधीच हलवलं होतं, आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले.

पुढची बदली भूकंपाच्या पट्ट्यात झाली. इथे इशारा नसतो. जपानसारख्या ठिकाणी पहिल्या, वेगवान लहरी पकडून काही सेकंद आधी सूचना देणारी यंत्रणा आहे, पण तेही सेकंदच. म्हणून सगळी तयारी आधीच करून ठेवायची. आम्ही कपाटं भिंतीला पट्ट्यांनी जखडली, पलंग खिडकीपासून हलवले, उशाशी चपला आणि बॅटरी ठेवली. रात्री हादरा बसला की फुटलेल्या काचांवर अनवाणी धावून पाय कापले जातात, हे मला तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं. टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय घट्ट धरायचा सराव मुलीने खेळासारखा केला.

पण हाही नियम सरसकट नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीत भूकंप झाला तेव्हा माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाब्यांखाली. अशा घरात टेबल काय वाचवणार? तळमजल्यावर, दाराजवळ असाल आणि समोर मोकळं पटांगण असेल तर तिथून बाहेर निघणंच बरं, असं जाणकार सांगतात. आपलं घर कशाचं आहे, हे आधी बघायचं.

आणि समुद्रकाठचा भूकंप तर आणखी निराळा. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत इंडोनेशियाचं सिमुलुए बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. तिथल्या सुमारे ७८,००० लोकांतले अवघे ७ दगावले. १९०७च्या लाटेची गोष्ट आज्या नातवंडांना सांगत आल्या होत्या: जमीन जोरात हलली की डोंगराकडे पळा. भोंगा नाही, फोन नाही. ही हकिकत मी प्रत्येक नव्या गावात कोणाला ना कोणाला सांगतेच.

मैदानी भागातल्या उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगते. तिथे आवाज होत नाही, काही पडत नाही, म्हणून लोक त्याला आपत्ती मानत नाहीत. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं ते मैदानात कमाल तापमान ४० अंशांवर गेलं की, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगरात ३०. आकडे वेगळे, कारण सवयीचं शरीर वेगळं, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेलं असलं, तर तो उष्माघात. आधी सावलीत नेऊन पाण्याने अंग गार करायचं, त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आता आम्ही डोंगरात आहोत. इथे दरड येते. मोठ्या दरडींच्या वेळा बघितल्या तर पोटात गोळा येतो: इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, रात्र; वायनाड, ३० जुलै २०२४, मध्यरात्रीनंतर. माणसं झोपलेली. इथल्या आजीबाईंनी मला खुणा शिकवल्या. उतारावर नवी भेग, तिरके होत चाललेले खांब आणि झाडं, एकाएकी घट्ट बसू लागलेलं दार, झऱ्याचं गढूळ झालेलं पाणी. भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर वर कुठेतरी माती आडवी आली आहे असं समजायचं. मग सामान गोळा करायचं नाही, ओढ्याच्या वाटेपासून बाजूला, पलीकडच्या टेपाडावर जायचं. खाली धावायचं नाही, दरड त्याच वाटेने खाली येते.

या पावसाळ्याआधी आमच्या वाडीतल्या घरांनी ठरवलं आहे की सलग मोठा पाऊस लागला तर रात्री शाळेत झोपायचं, दरड येवो वा न येवो. ओढ्याकडे नजर ठेवायच्या पाळ्या लावल्या आहेत. सासूबाई शाळा बघून आल्या. जिना नाही म्हणून खूश आहेत, फक्त बायकांच्या संडासाला आतून कडी हवी म्हणाल्या. ती मी कालच बसवून घेतली.