पैसे हातात दिले, मग लोकांनी उडवले नाहीत का?

श्रीलंकेतल्या कामाबद्दल सांगायला बसलं, की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. पिंपळगावच्या काकांनी विचारला, शेजारच्या वहिनींनी विचारला. परवा गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात सिव्हिलच्या मुलांशी बोलत होते, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, घर बांधायचे पैसे थेट लोकांच्या खात्यात टाकले, तर ते भलतीकडेच नाही का जात?" तास संपत आला होता, म्हणून तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते मनाला लागून राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

2013 आणि 2014 ही दोन वर्षं मी उत्तर श्रीलंकेत, किलिनोच्ची जिल्ह्यात, एका संस्थेची इंजिनिअर म्हणून होते. 1983 पासून चाललेलं युद्ध मे 2009 मध्ये संपलं, तेव्हा वावुनियाजवळच्या मेनिक फार्मसारख्या छावण्यांत जवळपास तीन लाख माणसं कोंडली गेली होती. मेनिक फार्म बंद व्हायला सप्टेंबर 2012 उजाडलं. माणसं गावी परतली ती पत्रे आणि ताडपत्रीच्या आडोशाला. विहिरी बुजलेल्या, ताडांचे शेंडे तोफगोळ्यांनी उडालेले, आणि सुरुंग काढायचे राहिलेल्या रानाच्या कडेनं कवटीचे लाल फलक. शेतात पाऊल टाकण्याआधी माणूस तो फलक कुठं आहे ते बघायचा. बाजारात मोठ्या कांद्याला 'बॉम्बे कांदा' म्हणतात हे कळलं, त्या दिवशी मला घरची फार आठवण आली.

भारत सरकारनं 2010 मध्ये तिथं 50,000 घरांची मदत जाहीर केली. पहिली 1,000 घरं ठेकेदारामार्फत बांधून झाली. 2 ऑक्टोबर 2012 ला दुसरा, मोठा टप्पा सुरू झाला आणि त्यात पद्धत बदलली. नव्या घरासाठी साडेपाच लाख श्रीलंकी रुपये, म्हणजे तेव्हाचे आपले अडीच लाखांच्या आसपास, हप्त्याहप्त्यानं थेट घरमालकाच्या बँक खात्यात. बांधणार तो. गवंडी तो बघणार, वाळूचा भाव तो करणार. आम्ही जागेवर जाऊन काम तपासायचं, चुकलं तर दाखवायचं, आणि ठरलेला टप्पा पुरा झाला की पुढच्या हप्त्याची शिफारस करायची. पाया-जोतं झाल्याशिवाय भिंतींचे पैसे नाहीत, भिंतींशिवाय छपराचे नाहीत. त्यामुळे पैसे उडवायला तशी जागाच कमी होती. पण खरं उत्तर हे नाही.

मला किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आम्ही कॉलेजची मुलं नाशकातून जुन्या कपड्यांचा ट्रक घेऊन गेलो होतो. तिथं आधीच रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. लोकांना काय हवंय हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. काही वर्षांनी तिकडची नवी गावं पाहिली. सरळ रस्ते, ओळीनं सारखी घरं. एक आजोबा मला विचारत होते, बाई, कडबा कुठं रचू, बैल कुठं बांधू? नकाशा काढणारा माणूस बैल बांधणाऱ्याशी बोलला नव्हता. किलिनोच्चीला निघताना तो प्रश्न माझ्या डोक्यात होता.

तरी मीही तेच करायला निघाले होते. ज्यांची घरं मी तपासायचे त्यांतली एक अक्का, पन्नाशीची, नवरा युद्धात गेलेला. साडेपाचशे चौरस फुटांच्या नकाशात स्वयंपाकघर मी घराच्या आत धरलं होतं. तिनं दुभाष्या मुलाकडून निरोप दिला, "तंगच्ची, मी लाकडावर रांधते. तुझ्या घरात आम्ही धुरानं मरू." तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. मी दोन दिवस हुज्जत घातली आणि मग चूल बाहेर गेली.

पुढं ती माझ्यापेक्षा कडक निघाली. सिमेंटचा ब्लॉक कमरेच्या उंचीवरून सोडून बघायचा, फुटला तर परत करायचा, हे मी एकदाच दाखवलं होतं. तिनं अर्धी गाडी परत पाठवली. ओळंबा कसा धरतात ते शिकली. भिंतींना पाणी मारायला पहाटे विहिरीवर जायची. ऑक्टोबरपासून तिकडचा मोठा पाऊस, आपल्याकडे द्राक्षाच्या छाटण्या चालू असतात तेव्हा. त्याआधी छप्पर चढलं पाहिजे म्हणून ती आणि शेजारच्या बायका मिळून गवंड्याच्या हाताखाली बिगारीचं काम करत होत्या. दुसऱ्यानं बांधून दिलेल्या घरात इतका जीव कोण ओततं?

म्हणून काकांना मी सांगते, पैसे कुणी उडवताना मला दिसलं नाही. मला दिसलं ते उलट होतं, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. सगळीकडे एकदम बांधकाम निघालं. वाळूचा भाव चढला, गवंडी मिळेनात, मिळाले तर मजुरी वाढलेली. साडेपाच लाखांत घर बसेना, तेव्हा लोकांनी सोनं गहाण टाकलं, फायनान्सवाल्यांकडून कर्ज काढलं. काहींनी घर मंजुरीपेक्षा मोठंच धरलं. आम्ही दर भेटीत भिंतीची जाडी मोजली, अंगावर कर्ज किती झालंय हे मात्र विचारलं नाही. तो रकाना आमच्या तपासणीच्या फॉर्मवरच नव्हता. तो असायला हवा होता आणि मी तेव्हाच भांडायला हवं होतं.

अक्कानंही एक खोली वाढवली. मी सांगून पाहिलं, आधी आहे तेवढं पुरं करू, खोलीचं नंतर बघू. तिनं ऐकलं नाही. कानातल्या कुड्या गहाण टाकल्या आणि पाया खणला. 2009 च्या मे महिन्यात तिचा मोठा मुलगा हरवला, त्याची ही खोली. गृहप्रवेशाला दूध उतू घातलं, आपल्याकडे घालतात तसंच, आणि मग हात धरून तिनं मला आधी तीच खोली दाखवली. खिडकी पूर्वेला होती. फरशी अजून व्हायची होती.

2017 च्या फेब्रुवारीत किलिनोच्चीत बेपत्ता माणसांच्या आया रस्त्याकडेला मांडव घालून बसल्या. बातमीतल्या फोटोत मी तिला शोधलं, सापडली नाही. फोन लावला. भाचीनं इंग्रजीत सांगितलं, अक्का एक दिवसाआड मांडवात असते. कुड्या सोडवून आणल्यात. आणि खोलीला पोंगलच्या आधी चुना दिलाय, दर वर्षी देते.