फणसाखालची रेंज आणि न लागलेला कोर्स

तिकडं अमेरिकेत, माझ्या विद्यापीठात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथं खानापूर तालुक्यातल्या माझ्या गावी, जांबोटीत, संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. आमच्या विभागाचं ऑफिस उघडतं आणि मी छत्री घेऊन परसातल्या फणसाखाली जाऊन उभी राहते. घरात रेंज येते ती तेवढ्याच जागी. गेले नऊ दिवस हा नेम चाललाय. कणकुंबीकडून येणारा पाऊस तिरपाच येतो, त्यामुळे छत्रीचा उपयोग फोन कोरडा ठेवण्यापुरता. पहिले दोन दिवस आई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढूनच ओरडली, "काय करूलालीस गं तिथं पावसात?"

"मेल आलाय काय बघते."

"नोकरी गेली काय?"

"नाही की. कोर्स कुठला लागणार ते कळायचंय."

"चार वर्षं झाली तुला तिकडं जाऊन. अजून काय शिकवायचं तेच माहीत नाही?"

अमेरिकेत शिकवते म्हटलं की गावात मी सरळ प्रोफेसर होते. बसस्टँडवर एका काकांनी मला "मॅडम, आमच्या पोराला तिकडं ॲडमिशन देऊन टाका" असंही सांगून ठेवलंय. खरा प्रकार एवढाच, की मी मध्यपश्चिमेतल्या, मका-सोयाबीनच्या मुलखातल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएचडी करते आणि त्या बदल्यात पदवीच्या पोरांना शिकवते. त्याला टीचिंग असिस्टंट म्हणतात, तोंडात टीए. शिकवलं की फी माफ, दरमहा स्टायपेंड आणि आरोग्यविमा. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणून नेमणुकीच्या पत्रात २० तास लिहिलेले असतात, रक्कम लिहिलेली असते, तारखा असतात. कोर्सचं नाव मात्र कुठंच नसतं.

ते का नसतं, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. पहिल्या वर्षाला संख्याशास्त्राचा जो मोठा कोर्स असतो त्यात शेकड्यांनी पोरं बसतात. प्राध्यापक मोठ्या हॉलमध्ये लेक्चर देतात, मग त्याच पोरांचे पंचवीस-तीसचे गट पाडतात आणि प्रत्येक गट एका टीएकडे जातो. त्याला सेक्शन म्हणायचं. किती सेक्शन लागणार हे किती पोरं नाव नोंदवतात त्यावर, आणि नोंदणी तर सत्र सुरू होऊन आठवडा उलटला तरी हलतच असते. एक सेक्शन भरला नाही की तो बंद, त्याचा टीए मोकळा, मग त्याला दुसरीकडे बसवायचं, तिथला तिसरीकडे. त्यात कुणी प्राध्यापक रजेवर जातात, कुणाला मागच्याच वर्षीचा टीए हवा असतो, नव्यानं आलेल्या परदेशी पोरांची इंग्रजी बोलण्याची परीक्षा व्हायची असते आणि ती पास झाल्याशिवाय त्यांना वर्गात उभं करता येत नाही. ही सगळी गणितं एकच बाई जुळवते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. मी तरी चिडते.

गंमत म्हणजे अधिकृत पत्राच्या आधी बातमी फुटते ती कॅनव्हासवर. पोरांचं सगळं कामकाज ज्या संगणक प्रणालीवर चालतं ती ही. एके रात्री तुम्ही ती उघडता आणि कालपर्यंत नसलेला एक रंगीत चौकोन पडद्यावर उगवलेला असतो. त्यावर कोर्सचा नंबर. आमचे लोक ऑगस्टमध्ये दिवसातून दहादा कॅनव्हास उघडतात. दहावीच्या निकालाला आम्ही जसे सायबर कॅफेच्या दारात घुटमळायचो, तसं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. मला तोच मोठा कोर्स लागणार असं तोंडी सांगितलं होतं. मी उन्हाळाभर त्याची तयारी केली, गणितं सोडवून वही भरली. वर्ग सुरू व्हायला चार दिवस होते आणि चौकोन उगवला तो भलताच: नमुना सर्वेक्षण. म्हणजे सगळ्यांना न विचारता थोड्यांनाच विचारून सगळ्यांविषयी कसं सांगायचं त्याचं शास्त्र. हा विषय मी बेळगावात बीएस्सीला असताना एका युनिटपुरता, तोही परीक्षेत पर्यायाला टाकून, वाचला होता.

मग काय, पोरांच्या एक आठवडा पुढं राहायचं. रविवारी मी शिकायची, मंगळवारी शिकवायची. तिसऱ्या आठवड्यात स्तरित नमुना आला. पुस्तकातलं उदाहरण अमेरिकन शहरांतल्या घरांच्या किमतींचं होतं आणि ते माझ्याच गळी उतरेना. वर्गात उभी राहिले, फळ्याकडे बघितलं आणि काय सुचलं कोण जाणे, खडूनं खानापूर तालुक्याचा नकाशा काढला. पश्चिमेला कणकुंबी, सह्याद्रीचा माथा, जंगल, मलप्रभेचा उगम, पावसाला खळ नाही. पूर्वेला बिडी-इटगीकडचं मोकळं रान, तिथं पाऊस बेताचा. आता मला सांगा, म्हटलं, माझ्याकडे पावसाचे दहाच मापक आहेत आणि तालुक्याची सरासरी काढायचीय. डोळे मिटून दहा चिठ्ठ्या काढल्या आणि आठ मापक कणकुंबीच्या बाजूला पडले तर? मागच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा, जो तोवर टोपी डोळ्यांवर ओढून बसायचा, म्हणाला, आधी तालुक्याचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात वेगळे मापक लावा. म्हटलं, बरोबर, पण किती किती? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, जिथं पावसाचा लहरीपणा जास्त तिथं जास्त.

हीच ती संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४ साली मांडलेली वाटपाची रीत. पोरानं ती टोपी सरकवता सरकवता सांगितली. तेव्हापासून तो वर्ग मला "जॅम-बो-टी काय म्हणते?" असं विचारायचा.

त्याच सत्रात ग्रंथालयात रात्री वाचत बसले असताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं: सुखात्मे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनला नेमन यांच्या हाताखाली काम केलेले, परत येऊन भारतात पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज शास्त्रशुद्ध नमुना घेऊन कसे काढायचे ते बसवणारे, पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेलेले. बुध काही आमच्यापासून फार लांब नाही, आणि मला हे नाव मक्याच्या शेतांमधल्या एका ग्रंथालयात कळलं. बेळगावात असताना कुणी सांगितलं नाही, आणि कोर्स बदलला नसता तर पुढंही कळलं नसतं. (याचं श्रेय ऑफिसातल्या त्या बाईंना द्यायची माझी अजून तयारी नाही.)

पीक कापणी प्रयोग म्हणतात तो म्हणजे सुखात्म्यांची हीच नमुन्याची रीत. आमच्या शेतात एकदा झाला होता. मी आठवीत होते. महसूल खात्याची दोन माणसं आली, हातात चिठ्ठ्या काढल्यासारख्या, काही क्रम नसलेल्या आकड्यांचा तक्ता. तक्त्यातल्या आकड्यांनुसार बांधाच्या एका कोपऱ्यापासून पावलं मोजली आणि भाताच्या रानात पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन दोरीनं आखला. नेमका तो तुकडा पाणी साचून पीक लोळलेला. आप्पा म्हणाले, साहेब, इकडचं बघा की, कसं उभं आहे. माणूस म्हणाला, नाही चालत, आकडा येईल तिथंच. आप्पा दिवसभर धुमसत होते. त्या आकड्यांच्या तक्त्यामागं काय आहे ते मला कळलं आठ हजार मैलांवर. फार लहान तुकडा घेतला की कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून येतं, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं होतं. परवा आप्पांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझा कोर्स पण तक्त्यातच बघून काढतात काय?"

आता आक्काचं सांगायला हवं. आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. गेली अकरा वर्षं सरकारी फर्स्ट ग्रेड कॉलेजात, म्हणजे पदवीच्या कॉलेजात, गेस्ट लेक्चरर आहे, मराठी शिकवते. कर्नाटकात हुद्द्याचं नाव 'अतिथी उपन्यासक'. कन्नडात उपन्यास म्हणजे व्याख्यान. माझी लखनौची रूममेट मात्र कित्येक महिने समजत होती की माझी बहीण कादंबऱ्या लिहिते. आक्का म्हणते, "अतिथी म्हणे! पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात."

तिच्याकडे शब्द आहे वर्कलोड. जून उजाडला की घरात तोच विषय: वर्कलोड आला काय? किती पोरांनी भाषा म्हणून मराठी घेतली यावर तास ठरणार, तासांवर तिची नेमणूक. बदली होऊन कुणी कायम प्राध्यापक आले की तास त्यांचे. सत्र संपलं की रिलीव्ह, पुढच्याला पुन्हा अर्ज. मधेच अभ्यासक्रमही बदलतो. २०२१-२२ ला कर्नाटकानं नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण देशात सगळ्यांच्या आधी लागू केलं, चार वर्षांची पदवी आली. आक्कानं नव्या पेपरांच्या नोट्स काढल्या. २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी. त्या नोट्स आता आमच्या माळ्यावर, चुलीला कोरडा कागद लागेल तेव्हासाठी.

फणसाखाली उभी राहून मी कुरकुर करते तेव्हा ती काही बोलत नाही. मागच्या आठवड्यात एकदाच म्हणाली, "तुझे पैसे तर येतात ना गं कोर्स कुठलाही लागला तरी?" मी हो म्हटलं. तिचे तीन महिन्यांचे यायचे होते. मग ती भाकरी थापायला बसली आणि मी उगाचच नाचण्याचं पीठ चाळत राहिले.

या वर्षी मला आणखी एक काम मिळालंय: टीचिंग मेंटॉर. नव्या टीएंच्या वर्गात मागं बसायचं, नंतर चहा पाजून काय चुकलं ते सांगायचं. त्या पोरांचे मेसेज आत्तापासून सुरू झालेत. त्यातल्या एकाला विमानात बसायच्या आधी कोर्स हवाय, म्हणजे पुस्तक इथूनच स्वस्तात घेता येईल. मी लिहिते, घेऊ नकोस. कोर्सची तयारी करू नकोस, पहिल्या तासाची कर: नाव काय सांगणार, फळ्यावर काय लिहिणार, कुणी उत्तर न आलेला प्रश्न विचारला तर काय म्हणणार. तेवढं कुठल्याही कोर्सला चालतं. गेल्या सत्राच्या टीएला गाठून त्याचा फोल्डर माग. आणि तास लिहून ठेव, रोजच्या रोज. मला एकदा दुसऱ्या आठवड्यात कोर्स बदलून दिला तेव्हा आधीच्या वर्गावर घालवलेले तास कुणीच धरले नाहीत. नवीन कोर्सचे २० पुन्हा शून्यापासून. वही नव्हती, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. त्या पहिल्या वर्गातल्या पोरांचा निरोपही घेता आला नाही. एक मुलगी नंतर ग्रंथालयात भेटली आणि म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्ही आजारी पडलात.

हे सगळं त्या पोराला लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, तुम्हाला कुठला लागला?"

काल संध्याकाळी फणसाखालून परत आले तर आक्का ओट्यावर बसली होती, पदर ओलाच. वर्कलोड आला. तिचे तास दोन कॉलेजांत मिळून वाटलेत, एक खानापुरात आणि एक बेळगावात. खानापूरचा तास ११:४० ला सुटतो, बेळगावचा १ ला सुरू होतो. मधली बस वेळेवर आली तरच जमणार. शक्ती योजनेमुळं बायकांना बस फुकट आहे, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. तिच्या पर्समध्ये अशा तिकिटांची चळत असते, ती फेकत नाही. त्यातल्याच काहींवरच्या वेळा बघून आम्ही कुठली बस किती वाजता येते ते काढायला बसलो. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी रकाने आखले, सोमवार ते शनिवार, एक ओळ आक्काची, एक माझी. बुधवारी काही जमेना. बुधवारी तिला सकाळी लवकरची बस धरून स्टँडवर दीड तास बसावं लागणार. ती म्हणाली, चालतंय की, पेपर तपासत बसते.

तिची ओळ भरली. माझी रिकामीच होती. आईनं पेन घेतलं आणि माझ्या सोमवारात रस्त्यावर घेतलेल्या अळंबीचे पैसे लिहिले, मंगळवारात दुधाचे.