तीन नंबरचा टॅप

ताईचा फोन आला तेव्हा मी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एका ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर चढलो होतो. "शुक्रवारपर्यंत इंजिनिअरिंगची ब्रँच बदलायचा फॉर्म भरायचाय. पॉइंटर, म्हणजे मार्क, चांगला आलाय, कॉम्प्युटर मिळेल, आणि हा म्हणतो विचार करतो. तू जरा समजाव." मी स्वतः इलेक्ट्रिकलचा. २३ वर्षं ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करतोय. हलवायालाच 'गोड खाऊ नका' असं सांगायला लावण्यातला प्रकार. पण ताईपुढे काय बोलणार? म्हटलं, उद्या पाठव.

भाचा साडेनऊला हजर, पांढरेशुभ्र बूट घालून. मनात म्हटलं, गेले हे बूट.

शेडमध्ये ५ एमव्हीएचा, ३३/११ केव्हीचा एक ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला आला होता. बुकोल्झ रिलेने बंद पाडलेला. टाकीत कुठे जळलं की तेलातून गॅस सुटतो, बुडबुडे वर जाताना पाइपातल्या या रिलेत साठतात आणि ती बोंब मारते. तेलाचा नमुना काचेच्या सिरिंजमध्ये भरून लॅबला गेला होता. आदल्या संध्याकाळी फोनवर एकच आकडा विचारून घेतला होता, असिटिलीनचा. भरपूर होता. तेल ७०० अंशांच्या वर तापल्याशिवाय असिटिलीन फारसं बनत नाही. म्हणजे आत ठिणगी उडालेली. वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांचा, रेझिस्टन्सही मोजला होता, ज्या टॅपवर मशीन चालत होतं त्या तीन नंबरवर. टॅप म्हणजे व्होल्टेज थोडं कमीजास्त करायच्या पायऱ्या. एका फेजचा आकडा बाकीच्या दोघांहून जास्त. झालं, वाइंडिंग गेलं! पार्टीला रिवाइंडिंगचा अंदाजही सांगून मोकळा झालो. तांब्याचा भाव ऐकून पलीकडे शांतता पसरली होती.

हे सगळं भाच्याला रुबाबात समजावून सांगत होतो, तेवढ्यात लॅबच्या बाईंचा फोन.

"साहेब, रिपोर्टच्या खालच्या दोन ओळी वाचल्यात का?"

नव्हत्या वाचल्या. त्या ओळी कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडच्या.

"जुन्या मशीनला शोभतील इतकेच आहेत दोन्ही. तेल जळलंय. कागद जळलेला दिसत नाही."

वाइंडिंगच्या तांब्यावर कागद गुंडाळलेला असतो. तिथे जळलं असतं तर कागदही जळला असता आणि हे दोन गॅस वाढले असते. हे काही ब्रह्मवाक्य नाही, फसवतातही ते. पण विचारात तर घ्यायला हवे होते. भाचा शेजारी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मामा, कागद म्हणजे सेल्युलोज ना? हे आम्हाला बारावीत होतं."

मला आमचं इंजिनिअरिंगचं कॉलेज, बडोद्याचं कलाभवन आठवलं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं, आणि त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर चक्क रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चाफेकरांनी फासलेलं डांबर ज्यांनी उतरवलं, तेच हे. त्यांच्या आवारात शिकून मी पहिल्या वर्षानंतर केमिस्ट्रीचं पुस्तक रद्दीत घातलं होतं.

आता प्रश्न असा की उघडं तांबं, भोवती तेल आणि मध्ये कागद नाही, अशी जागा कुठली? टॅप बदलायचा स्विच. मी रेझिस्टन्स फक्त तीन नंबरच्या टॅपवर घेतला होता. आळस, दुसरं काही नाही. भाच्याला हँडल फिरवायला लावलं. एक नंबर, तिन्ही फेज सारखे. दोन नंबर, सारखे. मग तीन, आणि आकडा उडाला. चार, पाच पुन्हा सारखे. तो रजिस्टरात लिहीत होता. पाचव्या ओळीला मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. मी बघितलं नाही.

चार वाजता क्रेनने वाइंडिंगसकट कोअर टाकीतून वर घेतला. तीन नंबरचा काँटॅक्ट काळाठिक्कर, खड्डे पडलेले, स्प्रिंग मेलेली. बोट लावलं की काजळी. वाइंडिंगचा कागद मात्र साफ. पार्टीला फोन करून माफी मागितली. "वांधो नथी, साहेब," तो म्हणाला, आणि इतका हसला की मला जास्तच लाज वाटली.

ब्रँचचं बोलणं शेवटी चहाच्या टपरीवर झालं, जेमतेम दहा मिनिटं. कॉम्प्युटरवाल्यांना सुरुवातीला पैसे जास्त मिळतात हे मी लपवलं नाही. इलेक्ट्रिकलमध्ये हात काळे होतात हे त्याला दिसतच होतं. जे विषय वाचायला घड्याळ बघावं लागत नाही ते कुठे जास्त आहेत, तेवढं सिलॅबस उघडून बघ, म्हटलं. माझ्या अक्कलहुशारीचा दाखला त्याने नुकताच पाहिला होता, त्यामुळे जास्त ताणलं नाही. तो म्हणाला, "तुमच्याकडे असे किती रिपोर्ट पडलेत?"

"कपाट भरून."

"आणि उघडल्यावर काय निघालं, ते लिहिलंय?"

"बहुतेकांचं."

शुक्रवारी त्याने फॉर्म भरला. कॉम्प्युटरच. ताईने दांडिया बाजारातून पेढे पाठवले, जणू मीच वळवलं त्याला. रविवारी तो स्कूटर घेऊन शेडवर आला, या वेळी जुन्या चपला घालून, आणि रजिस्टरं मागितली. रिपोर्ट आणि बिघाड जोडून एक्सेलमध्ये भरतो म्हणाला. तीन दिली. तेलाने चिकटलेली पानं ओढून काढू नकोस, एवढं बजावलं.