डिस्चार्ज कार्डाच्या मजकुरातून पुरानंतरचा ताप शोधताना

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांनंतर कोल्हापूर जिल्ह्यात पाणी ओसरू लागताच आरोग्य यंत्रणेची पहिली काळजी रोगराईची होती आणि त्यात लेप्टोस्पायरोसिसचे नाव अग्रभागी होते. या रोगाचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात उतरतात आणि पायाला झालेल्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. सुरुवातीला ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे एवढीच लक्षणे दिसतात. कावीळ व मूत्रपिंडाचा त्रास पुढे होतो. रक्तातील प्रतिपिंडे पहिल्या काही दिवसांत चाचणीत दिसतीलच असे नसते, त्यामुळे रुग्ण पुराच्या पाण्यातून चालला होता का, या प्रश्नाचे उत्तर निदानासाठी फार मोलाचे असते. हे उत्तर मात्र रुग्णालयाच्या संगणकातील कोणत्याही ठरावीक रकान्यात नसते. निवासी डॉक्टरांनी रात्रपाळीत लिहिलेल्या दोन-तीन ओळींत ते असते आणि रुग्ण घरी गेल्यावर ते तिथेच राहते.

त्या ओळी संगणकाला वाचता याव्यात, हे माझ्या संशोधनाचे काम आहे. या शाखेला वैद्यकीय मजकुरावरील नैसर्गिक भाषा प्रक्रिया म्हणतात. एखाद्या साथीत नेमके कोण, कशामुळे आणि किती दिवसांनी आजारी पडले हे मागाहून तपासायचे असेल, तर हजारो डिस्चार्ज कार्डे माणसांनी वाचणे शक्य नसते, आणि न वाचता काढलेले निष्कर्ष पुढच्या पुराच्या वेळी उपयोगी पडत नाहीत. म्हणून हे काम मला महत्त्वाचे वाटते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मजकुरातून रोगांची नावे शोधली की झाले. नाव शोधणे हा त्यातला सोपा भाग आहे. ‘चार दिवस ताप, पोटऱ्या दुखतात, कावीळ नाही, वडिलांना मधुमेह, लघवी कमी झाल्यास लगेच यावे, क्वेरी लेप्टो’ अशा आशयाची नोंद घ्या. यात ताप आहे, कावीळ नाही, मधुमेह आहे पण तो दुसऱ्याचा, लघवी कमी होणे अजून घडलेलेच नाही, आणि लेप्टो ही केवळ शंका आहे. 2010 साली अमेरिकेत आय-टू-बी-टू या नावाने झालेल्या संशोधन स्पर्धेत याच प्रश्नासाठी सहा वर्ग ठरवले गेले: आजार आहे, नाही, असू शकतो, विशिष्ट परिस्थितीतच होतो, पुढे होऊ शकेल, आणि तो रुग्णाचा नसून अन्य कोणाचा आहे. माझ्या मते या क्षेत्रातील खरी कसोटी याच सहा वर्गांत आहे. रोगाचे नाव अचूक ओळखून तो चुकीच्या माणसाच्या खात्यावर टाकणारी प्रणाली, नाव मुळीच न ओळखणाऱ्या प्रणालीपेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवला जातो.

नकार ओळखण्यासाठी 2001 साली वेंडी चॅपमन या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेगेक्स नावाची पद्धत मांडली. नकारदर्शक शब्दप्रयोगांची यादी करायची आणि त्यांच्या आसपासच्या मोजक्या शब्दांत आलेली लक्षणे नाकारलेली मानायची, एवढी साधी तिची रचना आहे. तरीही ती आजही उपयोगी पडते, आणि नव्या विद्यार्थ्यांनी मोठ्या मॉडेलांकडे, म्हणजे भरपूर मजकुरावरून भाषा शिकलेल्या संगणकीय प्रणालींकडे, धावण्याआधी ती स्वतः लिहून पाहावी असा माझा आग्रह असतो. आपल्याकडे अडचण अशी की डॉक्टर नकार अनेकदा शब्दांत लिहीतच नाहीत. फिकटपणा, कावीळ, निळसरपणा, नखांचा फुगवटा, गाठी आणि सूज या सहा तपासण्यांची इंग्रजी आद्याक्षरे एका ओळीत येतात आणि पुढे केवळ वजाचे चिन्ह असते. ते चिन्ह एका अक्षरासाठी आहे की साऱ्या ओळीसाठी, की ती नुसती जोडरेघ आहे, हे मांडणीवरून ठरवावे लागते. टंकलेखन करताना ओळ तुटली, तर चिन्ह पुढच्या लक्षणाला जाऊन चिकटते.

इथेच परदेशी मजकुरावर शिकलेल्या मॉडेलांची मर्यादा दिसते. या क्षेत्रातील बहुतेक संशोधन मिमिक-थ्री या संग्रहावर उभे आहे. त्यात बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागांतल्या चाळीस हजारांहून अधिक रुग्णांच्या 2001 ते 2012 या काळातील नोंदी आहेत. वैद्यकीय मजकूर वाचणारी क्लिनिकल बर्टसारखी मॉडेले त्याच नोंदींवर शिकली. हा संग्रह खुला करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण आपल्या डिस्चार्ज कार्डावर जुना आजार ‘के-सी-ओ’ (‘नोन केस ऑफ’) या तीन अक्षरांनी सुरू होतो, दिवसातून तीनदा घ्यायचे औषध ‘टीडीएस’ म्हणून लिहिले जाते, गोळ्यांची वेळ ‘1-0-1’ अशी मांडली जाते आणि पॅरासिटामॉलचे ‘पीसीएम’ होते. अमेरिकन नोंदींत यांच्या जागी दुसरेच संकेत असतात. ‘एमएस’ ही अक्षरे तिकडे मज्जासंस्थेचा एक आजार किंवा मॉर्फिन सुचवू शकतात. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण अजूनही येतात, त्यामुळे हृदयाच्या झडपेचे आकुंचन हा अर्थ आधी तपासावा लागतो. म्हणून इथल्या नोंदींवर इथल्या डॉक्टरांनी खुणा केलेला, म्हणजे कोणता शब्द कशाबद्दल आहे आणि कोणत्या वर्गात बसतो हे नोंदवलेला, संग्रह तयार करण्याला पर्याय नाही.

खुणा करण्याचे हे काम संथ आणि कष्टाचे आहे, आणि मला त्यातच सर्वाधिक शिकायला मिळते. प्रत्येक नोंद दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात आणि त्यांचे एकमत किती आहे हे कोहेनच्या कप्पा या मापाने तपासले जाते. योगायोगाने होणारे एकमत त्यातून वजा होते. रोगांच्या नावांवर मतभेद फारसे होत नाहीत. मतभेद होतो तो पाण्याशी आलेल्या संपर्कावर. घरात शिरलेला गाळ उपसणारी बाई पुराच्या पाण्यातून चालली असे नोंदीत नसते, पण तिचा संपर्क झालेलाच असतो. पूर उतरल्यावर ओल्या उसाच्या फडात काम करणाऱ्या शेतकऱ्याचेही तसेच. उलट एखाद्या नोंदीत फक्त ‘राहणार शिरोळ तालुका’ एवढेच असेल, तर 2019 मध्ये तो तालुका पाण्याखाली होता हे ठाऊक असूनही ‘संपर्क आहे’ अशी खूण करू नये, असे मी धरून चाललो आहे. वाचणाऱ्याचे ज्ञान आणि नोंदीतील पुरावा यांची सरमिसळ झाली, तर यंत्र पत्त्यावरून रोग ठरवायला शिकेल. सहकारी डॉक्टरांना हा नियम सुरुवातीला कठोर वाटला, कारण रुग्णासमोर बसल्यावर ते पत्त्याचाही विचार करतात आणि त्यांनी तो करायलाच हवा.

मजकूर हाती येण्याआधी त्यातील ओळख पुसावी लागते, आणि नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय काहीच सुरू होत नाही. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता जपणाऱ्या अमेरिकेच्या हिपा कायद्याखालील नियमांत काढून टाकायच्या ओळखखुणांचे अठरा प्रकार दिलेले आहेत. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, पण मजकुरातून नेमके काय पुसावे याची तशी तपशीलवार यादी त्यात नाही. प्रकाश, आनंद, विजय ही नावे नेहमीचे शब्दही आहेत, आणि पार्किन्सन किंवा हॉजकिन ही माणसांची नावे आजारांनाही दिलेली असल्याने ती पुसली तर निदानच जाते. लहान गावात नाव पुसूनही माणूस उरतो: वय, व्यवसाय आणि अपघाताचा प्रकार एवढ्यावरून शेजारी त्याला ओळखतील. म्हणून खरी नावे खोडण्याऐवजी त्यांच्या जागी तशीच दिसणारी काल्पनिक नावे घालण्याची पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते. एखादे खरे नाव नजरेतून सुटले तरी ते त्या गर्दीत वेगळे दिसत नाही.

तारखांचा प्रश्न आमच्यासाठी विशेष अवघड आहे. मिमिकमध्ये प्रत्येक रुग्णाच्या तारखा पुढच्या शतकात सरकवल्या आहेत आणि त्याच्या नोंदींमधील अंतर तेवढे राखले आहे. आम्ही तसेच केले, तर पूर आणि ताप यांचा संबंधच तुटतो. त्यामुळे तारीख सरकवण्याआधी पाण्याशी संपर्क आल्यापासून ताप सुरू होईपर्यंतचे दिवस मोजून ते वेगळ्या रकान्यात ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे.

मोठ्या भाषा-मॉडेलांना हे सारे सोपवता येईल का, असे मला वारंवार विचारले जाते. रुग्णांचा मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणे मला मान्य नाही. स्वतःच्या संगणकावर चालणारी लहान मॉडेले आम्ही वापरतो आणि त्यांनाही त्याच खुणा केलेल्या नोंदींवर तपासतो. मॉडेलने दिलेल्या प्रत्येक उत्तरासोबत मूळ ओळ दिसलीच पाहिजे, ही अट मी सोडत नाही.

हाताने लिहिलेले केसपेपर सध्या आमच्या संग्रहात नाहीत, आणि ही उणीव लहान नाही. पुराच्या दिवसांत ओपीडीत येऊन डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक प्रतिबंधासाठी घेऊन गेलेल्या माणसांच्या नोंदी बहुधा त्याच कागदांवर असतात, तर डिस्चार्ज कार्ड केवळ दाखल झालेल्यांचे बनते. त्यामुळे आमच्या प्रणालीला आज गंभीर आजारीच तेवढे दिसतात. पुढच्या टप्प्यात ओपीडीच्या केसपेपरांतील निदान आणि औषध या दोनच जागा आधी माणसांकडून टंकित करून घेण्याचा विचार आहे, आणि संपर्काच्या ओळींना त्यानंतर हात घालायचा आहे.