खिशात चारशे डॉलरचा चाकू कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, आणि यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉयझीत आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत खोकी फोडायला मी खिशातून मिटता चाकू काढते, कुणीतरी किंमत विचारतं, आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "वीस डॉलरच्या चाकूने हे खोकं फुटलं नसतं का?"

फुटलं असतं. खोक्यांसाठी मी तो घेतलेलाच नाही.

जुन्या ओळखीच्यांना आठवत असेल, पूर्वी मी पोलादावर तासन्‌तास बोलायचे. पात्याला एस३०व्ही पोलाद बरं की एस४५व्हीएन, आणि २०२१मध्ये धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांचं मॅग्नाकट हे पोलाद आल्यावर तेच. गंजाला दाद देत नाही, तरी चिवट, कारण त्यात क्रोमियमची कार्बाइडं, म्हणजे कडक पण ठिसूळ कण, जवळजवळ नाहीतच. हे सगळं आजही खरं आहे. पण सफरचंद चिरताना ओपिनेल या लाकडी मुठीच्या साध्या फ्रेंच चाकूचं पातळ पातं या सगळ्यांच्या पुढे जातं, आणि धार कुठल्याही पोलादाची कधी ना कधी जातेच. उघडलेलं पातं मिटू नये म्हणून असलेलं लॉक त्याला कसं धरून ठेवतं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर "धरतं की" याहून जास्त मला सांगता आलं नसतं.

मग मागच्या अंगणात ठिबकची काळी नळी कापत होते. चाकू नावाजलेला, महागच, लायनर लॉकचा. यात मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ती सरकून त्याच्या बुडाला टेकते, आणि पातं मिटू न देणारी तेवढी एकच गोष्ट असते. टोक नळीत अडकलं. ओढून निघेना म्हणून मूठ पिळली. पट्टी सरकली आणि पातं माझ्या तर्जनीवर मिटलं. खट्‌ असा आवाज झाला, लॉक लागताना होतो तसाच, त्यामुळे क्षणभर मला काही झालंय हे कळलंच नाही. दुखलंही नाही. मग नळी लाल दिसली.

इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी बोटाचं मधलं पेर धरून ठेवलं आणि म्हणाल्या, आता टोक वाकवा. मी वाकवलं. ते वाकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा सगळा जीव लावला, बोट सरळच. टोक वाकवणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटला होता. ऑपरेशन, स्प्लिंट, मग महिनोन्‌महिने व्यायाम. आज ते शेवटचं पेर अर्धंच वाकतं. साडीला हाताने फॉल लावायला मला फार आवडायचं, आता सुई चिमटीत टिकत नाही.

"पण तूच पिळलास ना?" असं म्हणणारे पुष्कळ भेटले. हो, पिळला. नळीत टोक अडकलं की हात पिळतोच. त्या क्षणी धरणार नसेल तर लॉक बसवायचं कशाला?

म्हणून आज खिशात सेबेन्झा नावाचा चाकू आहे, त्यातला छोटा. दक्षिण आफ्रिकेतून येऊन बॉयझीतच स्थिरावलेले चाकू बनवणारे ख्रिस रीव्ह यांनी तो आणला, तेव्हा वेगळी पट्टी ठेवलीच नाही. टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग कापून त्याचं लॉक केलं. घट्ट धरलं की आपली पकडच त्याला जागेवर दाबून ठेवते. स्पायडर्को कंपनीच्या पॅरा ३ या चाकूचं कॉम्प्रेशन लॉक पाठीच्या बाजूला असतं, मिटताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. बुद्धीला ते जास्त पटतं. बेंचमेड कंपनीच्या बगआउट चाकूमध्ये लॉक म्हणून पोलादाची आडवी दांडी आणि तिला रेटणाऱ्या दोन बारीक स्प्रिंगा असतात. वजन अवघं ५२ ग्रॅम, बायकांच्या पँटच्या उथळ खिशात तोच नीट राहतो. सेबेन्झा सुमारे ८५ ग्रॅमचा, खिसा ओढतो. तरी मी तोच बाळगते, कारण तो अ‍ॅलन कीने सुटा करून लॉक पात्याला नेमकं कुठे टेकतं हे मला डोळ्यांनी बघता येतं. अधूनमधून बघतेच. यात भीती किती आणि अभियांत्रिकी किती, मला सांगता येणार नाही.

आणि ओपिनेल? १९५५पासून त्याला फिरती कडी आहे. ती फिरवली की पातं जागचं हलत नाही, आणि पिळल्यावर ती सुटते असं मला दाखवून देता आलेलं नाही. ओलाव्याने लाकूड फुगून पातं अडकतं, उघडायला दोन हात लागतात, असं मी सांगत असते. पण बॉयझीची हवा कोरडी आहे हे मलाही ठाऊक आहे.

रत्नागिरीला बाबांनी आयुष्यभर आंब्याची कलमं बांधली. त्यांच्या मिटत्या चाकूला लॉक नव्हतंच. व्हिडिओ कॉलवर सेबेन्झा दाखवला तर म्हणाले, "पातं मिटेल असा जोर द्यायचाच कशाला? नळीला कात्री घे." कात्री घेतली, नळी आता तिनेच कापते. चाकू तरीही खिशात असतोच, आणि तो का, हे मला त्यांना पटवता आलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते इकडे येणार आहेत, तेव्हा सेबेन्झा आणि ओपिनेल दोन्ही त्यांच्या हातात देणार आहे.